सीडी नसलेलं पुस्तक आणि बंडीचं चाक

पुस्तक सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं, १२० रुपयांत. साल २००५, दिवाळी नुकतीच झालेली. जाडजूड, इंग्रजी, फ्लॅश एमएक्स २००४ हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकवणारं, आणि नुसतं वाचायचं नव्हे तर हाताने करत जायचं या जातीचं. पायऱ्यांना आकडे घातलेले: ही फाइल उघडा, इथे क्लिक करा, आता पडद्यावर असं दिसेल. नागपूरहून दारव्ह्याकडे येताना एसटीत मांडीवर घेऊन चाळत होते. यवतमाळ यायच्या आत लक्षात आलं की मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेलं सीडीचं पाकीट रिकामं आहे.

अशा पुस्तकाची सीडी गेली म्हणजे अर्धं पुस्तक गेलं. सरावाच्या फाइली त्यातच असतात. 'धडा तीनच्या फोल्डरमधली मासोळी उघडा' असं लिहिलंय आणि आपल्याकडे मासोळीच नाही. दोन दिवस मी ते पुस्तक उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं, मासोळी आपणच काढू. जमली नाही. मग जे डोळे मिटूनही काढता येईल ते काढलं: बंडी. आमच्याकडे बैलगाडीला बंडीच म्हणतात.

हे आत्ता लिहायचं कारण असं की गावाकडची पोरं-पोरी फोन करून विचारतात, 'ताई, ॲनिमेशन शिकायचंय, कोणता कोर्स लावू?' कोर्सचं नाव मी सांगत नाही. माझं कसं झालं ते सांगते, त्यातून घ्यायचं ते घ्या.

कॉम्प्युटर माझा नव्हता. तालुक्याला एमएससीआयटीचा क्लास होता. दुपारी एक ते तीन मशीन रिकामी असायची, तेव्हा सरांनी एक जुनं मशीन वापरू दिलं. बदल्यात मी नव्या मुलांना टायपिंग दाखवायचं. त्या मशीनवर फ्लॅश होतं, पण एमएक्स, म्हणजे पुस्तकाच्या एक पायरी मागचं. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पडदा पुष्कळदा जुळायचा नाही. घाबरू नका. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की बटणं सरकतात, खालचं काम सरकत नाही. मी समासात पेन्सिलीने 'हे आपल्याकडे खालच्या पॅनेलमध्ये' असं लिहीत गेले आणि महिन्याभरात चित्रं बघायची गरज उरली नाही. लाइन मात्र कधीही जायची. त्या वर्षांत ग्रामीण भागात बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं. यूपीएस पाच मिनिटं टीं-टीं करायचा, तेवढ्यात सेव्ह. कंट्रोल एस दाबायची सवय बोटांत इतकी बसली की आजही ओळ लिहून झाली की दाबते, कागदावर लिहीत असले तरी हात वळवळतो.

माझं शिक्षण मराठी माध्यमाचं. डिक्शनरी घेऊन बसायचे. 'ट्वीन' हा शब्द डिक्शनरीत मिळेना. फार नंतर कळलं की तो 'इनबिटवीन'मधून तुटून आलाय. हाताने कार्टून काढायच्या काळात मुख्य चित्रकार महत्त्वाच्या पोझ काढायचा आणि मधली चित्रं मदतनीस भरायचे. फ्लॅशमध्ये तो मदतनीस म्हणजे सॉफ्टवेअर. तुम्ही दोन कीफ्रेम, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची पोझ, द्या, मधलं ते भरतं. एवढं कळलं की अर्धी भीती जाते.

पहिला फटका बसला तो चाक काढताना. आधी बंडीची साटी, म्हणजे माल ठेवायचा सांगाडा, काढली, तिच्यावर चाक काढलं, मग चाक जरा मागे घ्यायला उचललं, तर साटीला चाकाएवढं भोक! फ्लॅशमध्ये एका लेयरवरचे, म्हणजे एकाच थरावरचे, सुटे आकार एकमेकांना खातात. ग्रुप करा किंवा एफ ८ दाबून सिंबॉल (पुन्हा पुन्हा वापरता येणारी एकसंध वस्तू) करा, मगच दुसरं काही वर ठेवा. पुस्तकात हे दुसऱ्याच धड्यात होतं. मी वाचलंही होतं. पण पुस्तकातलं भोक आणि आपल्या बंडीला पडलेलं भोक यात फार फरक असतो.

दुसरा घोळ सिंबॉलचा. चाक मी ग्राफिक सिंबॉल केलं होतं आणि बंडी एकाच फ्रेमची, म्हणजे एकाच चित्राची. ग्राफिक हा ज्याच्या पोटात बसला त्याच्या टाइमलाइनवर, म्हणजे फ्रेमच्या पट्टीवर, चालतो. बंडीला फ्रेमच एक, तर चाक फिरणार कुठून? मूव्ही क्लिपला मात्र स्वतःची टाइमलाइन असते, तो आपला आपण फिरत राहतो. बदललं, एंटर दाबलं, तरी चाक ढिम्म. मूव्ही क्लिप तिथे नुसत्या एंटरने हलत नाही, कंट्रोल एंटर मारून टेस्ट मूव्ही बघावी लागते. या एका गोष्टीत माझी अख्खी दुपार गेली.

आता खरी गंमत. चाकाला बारा आरे. फ्लॅशचा तेव्हाचा ठरलेला वेग सेकंदाला १२ फ्रेम. मी पहिल्या आणि बाराव्या फ्रेमवर कीफ्रेम दिली, मध्ये मोशन ट्वीन, रोटेट एकदा. चाक जागच्या जागी जरासं सरकल्यासारखं करायचं आणि दर सेकंदाला त्याला उचकी लागायची. उचकीचं कारण पुस्तकात सापडलं: पूर्ण फेरी झाल्यावर शेवटची फ्रेम पहिलीसारखीच असते, म्हणून लूपमध्ये तेच चित्र लागोपाठ दोनदा येतं. उपाय असा, की शेवटची कीफ्रेम तेराव्या जागी द्या, बाराव्या फ्रेमवर एफ ६ (नवी कीफ्रेम) मारा आणि तेरावी काढून टाका. केलं. उचकी गेली, आणि चाक ठार थांबलं! बंडी पडद्यावर इकडून तिकडे जातेय, चाक हू की चू करत नाही. तीनदा पुसून केलं. तेच.

त्या दिवशी बाबा जिनिंगवर कापूस टाकून मला घ्यायला क्लासवर आले होते. डोक्यात, मिशीत कापसाचे तंतू. माझ्या मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, "काय वं, चाक काहून फिरून नाही राहिलं? बंडी तं घसरून राहिली ना. गाऱ्यात घसरते तशी." मी म्हटलं, फिरतंय बाबा, मी फिरवलंय. तर म्हणाले, "मंग एका आऱ्याले रंग लाव, दिसन."

एक आरा लाल केला. कंट्रोल एंटर. लाल आरा गरागरा फिरत होता, बाकीचे अकरा जागेवर उभे!

मग डोक्यात प्रकाश पडला. बारा आरे म्हणजे दोन आऱ्यांत ३० अंश. बारा फ्रेमला एक फेरी म्हणजे दर फ्रेमला ३० अंश. प्रत्येक फ्रेमला आरा बरोब्बर पुढच्या आऱ्याच्या जागी जाऊन बसतो, डोळ्याला काही हललेलं दिसतच नाही. जुन्या सिनेमात घोडागाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ती याच कारणाने. आरा जर पुढच्या आऱ्याच्या थोडा अलीकडे पोचला, तर डोळा समजतो चाक मागे गेलं. फेरी ४८ फ्रेमची केली, दर फ्रेमला साडेसात अंश, आणि चाक चाकासारखं फिरायला लागलं.

तरी बाबांचं घसरणं उरलंच होतं. चाक फिरतंय एका वेगाने, बंडी सरकतेय दुसऱ्या. यावर पुस्तकात काही नव्हतं. शाळेतल्या गणितात होतं. चाकाचा व्यास मी १०० पिक्सेल धरला होता, म्हणजे परीघ ३१४. एका फेरीत बंडी ३१४ पिक्सेलच जाऊ शकते, कमी नाही की जास्त नाही. स्टेजची रुंदी ५५०, म्हणजे पावणेदोन फेऱ्या, ८४ फ्रेम, सात सेकंद. आठवडाभराने बाबा पुन्हा आले तेव्हा बघून म्हणाले, "आता चालली. अन बैल?"

बैल नव्हतेच. जू हवेत तरंगत होतं.

यातून माझी एक पद्धत बसली आणि नव्या मुलांना मी तीच सांगते. धडा एकदा पुस्तक सांगतं तसा करा, जसाच्या तसा. मग पुस्तक मिटा आणि तेच तंत्र आपल्या घरातल्या, शेतातल्या वस्तूवर लावा: मोटेचं चाक, उपणताना उडणारा भुसा, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. दुसऱ्या वेळी अडकाल, तेव्हाच खरं शिकाल. सीडी असती तर मी मासोळी उघडली असती, पाच बटणं दाबली असती, मासोळी पोहली असती आणि मला वाटलं असतं की आपल्याला येतं.

मराठी अक्षरांचीही एक मजा सांगते. शिवाजी फाँटमध्ये नाव टाइप करून फ्लॅशमध्ये कंट्रोल बी (अक्षरं सुटी करायची आज्ञा) मारलं की काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या सुट्या होतात, कारण त्या फाँटमध्ये प्रत्येक खूण वेगळं अक्षर म्हणूनच बसलेली. पहिल्यांदा घाबरले. मग त्याचीच ॲनिमेशन केली: वेलांटी वरून येऊन बसते, काना बाजूने येतो. तालुक्यातल्या एका दुकानदाराला ती फार आवडली. माझी पहिली कमाई, ३०० रुपये.

पुढे नागपूरला नोकरी लागली, शाळांसाठी धडे बनवायची. पहिल्या ठिकाणी तीन महिन्यांचा पगार शेवटपर्यंत हाती आला नाही. फाइली सगळ्या देऊन बसले होते. तेव्हापासून एक नियम: बघायला एसडब्ल्यूएफ ही तयार फाइल द्यायची, ती चालायची पण तिच्यात सहज फेरफार करता यायचा नाही. मूळ एफएलए, म्हणजे जिच्यात काम केलं ती फाइल, पैसे जमा झाल्यावर. आज फाइलींची नावं बदलली असतील, नियम तोच ठेवा.

फ्लॅशचं पुढे काय झालं ते थोडक्यात. २००५ च्या शेवटी फ्लॅश बनवणारी मॅक्रोमीडिया कंपनी अडोबीने घेतली. आयफोनवर फ्लॅश कधी आलंच नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने का येणार नाही याचं जाहीर पत्रच काढलं. २०१६ मध्ये सॉफ्टवेअरचं नाव ॲनिमेट झालं. ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्याने जुन्या फाइली चालवायलाही नकार दिला. लोक मला म्हणाले, तुझी पंधरा वर्षं वाया. उलट जुने धडे नव्या रूपात बसवायचं काम दीड वर्ष पुरलं. ते करताना दिसलं की सीएसएसमध्येही, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतही, कीफ्रेमच आहेत, नावासकट. जीसॅप नावाची जी जावास्क्रिप्ट लायब्ररी आज सगळे वापरतात ती फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट या भाषेतूनच वाढलेली, आणि २०२५ पासून पूर्ण फुकट. आज सुरू करणाऱ्याने आधी सीएसएस आणि एसव्हीजी (वेबवरची रेषांची चित्रं) हातात घ्यावं, पैसे न भरता साध्या लॅपटॉपवर होतं. मग जीसॅप. महागड्या क्लासची फी त्यानंतर, वाटलीच तर.

माझी भाची यंदा बारावीनंतर तेच करतेय. तिनेही बंडीच घेतली, मी काही सांगितलं नव्हतं. तिचं चाक दर फेरीला धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, गेल्यासारखं मंदावायचं. सीएसएसला वेगाबद्दल काही सांगितलं नाही तर ते आपल्या मनाने 'ईझ' लावतं: सुरुवातीला उचल, शेवटी सैल. चाकाला 'लिनिअर' असं स्पष्ट सांगावं लागतं. तो एक शब्द टाकला आणि झालं. माझी दुपार गेली होती, तिची वीस मिनिटं.

बैल मात्र तिने सुरुवातीलाच घेतलेत. मी नोकरीत असताना काढला होता तो पहिला बैल तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय एकदम उचलायचा, त्यामुळे वरातीतल्या घोड्यासारखा दुडक्या चालायचा. बैल तसा चालत नाही. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, असा एकेक पाय पडतो. तिला मी मोबाइल देऊन शेजाऱ्यांच्या जोडीमागे पाठवलं, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला. बाबा धुऱ्यावर बसून ओरडत होते, "अवं, बाजूनं काढ, मांगून काय दिसते!" डावी बाजू तिची झालीये. उजव्या मागच्या पायापाशी चार दिवसांपासून अडकून पडलीये.