वर्षाची तपासणी: रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी या चुका टाळा

फोंड्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी एकदा बाबांचे तीन वर्षांचे रिपोर्ट ओळीने मांडले. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन ०.९, पुढल्या वर्षी १.१, मग १.३. तिन्ही आकडे छापील मर्यादेत बसत होते. म्हणून कुठे ठळक अक्षर नाही, आणि दर वर्षी ‘सगळं नॉर्मल’ म्हणत फाईल कपाटात. डॉक्टरांनी तिन्ही कागद एकत्र पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "दुखण्याची गोळी कुठली घेता?" गुडघ्यांसाठी बाबा फार्मसीतून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेत होते. अशा गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो. आम्ही हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

तेव्हा सुटा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाऊ नका. जुने कागद सोबत न्या, शक्यतो प्रयोगशाळा बदलू नका. औषधांची नावं आठवत बसण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत घाला, आयुर्वेदिक चूर्ण आणि केसांसाठीच्या गोळ्यासुद्धा. त्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असलं तर थायरॉईडचा आकडा चुकू शकतो.

दुसरी चूक उपाशीपोटीची. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आईचा हात चहाच्या भांड्याकडे जातोच. "अर्धा कप काय होतं?" होतं, साखरेचा आणि दुधाचा परिणाम रक्तात दिसतो. ८ ते १२ तास फक्त पाणी चालतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं की नाही हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून चुकवू नका.

चार दिवस गोड बंद करून तपासणीला जाणारेही पुष्कळ आहेत. एचबीएवनसी चाचणी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, चवथीच्या नेवऱ्यांसकट (करंज्यांसकट). ती ५.७ ते ६.४ टक्के आली की लोक ‘बॉर्डरवर आहे’ म्हणून सोडून देतात. मला याचंच फार वाईट वाटतं, कारण जेवण आणि चालणं बदलून मधुमेह लांबवता येतो तो याच टप्प्यावर.

रक्तदाब घाईत मोजून घेऊ नका. जिना चढून आल्या आल्या, सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा बांधून, गप्पा मारत मोजलेला आकडा फसवा असतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर. आधी अर्धा तास कॉफी-सिगारेट नको.

पॅकेजमध्ये साठ चाचण्या आहेत म्हणून भुलू नका. वय आणि घरातले आजार पाहून डॉक्टरांनाच निवडू द्या. बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी अनेक पॅकेजांत नसते. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या स्त्रियांसाठी ती आहे, सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा.

बाबांच्या फाईलला आतून मी एक कागद चिकटवला आहे: तारीख, वजन, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन. डॉक्टरांनी गोळी बंद केली, त्यानंतर तीन महिन्यांनी शेवटच्या रकान्यात १.१ लिहिलं.