मागच्या सीटवरून

गाडीत आम्ही तिघं असतो. स्टिअरिंगवर पेशंट, त्याच्या डावीकडे ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर आणि इन्स्ट्रक्टरच्या मागच्या सीटवर मी. दुसरा ब्रेक इन्स्ट्रक्टरच्या पायाखाली असतो, माझ्या मांडीवर फक्त क्लिपबोर्ड. मी मेलबर्नमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून मदत करणारी, आणि गेली काही वर्षं ड्रायव्हिंग असेसमेंट हेच माझं मुख्य काम झालं आहे. पक्षाघात, डोक्याला मार, मणक्याची दुखापत, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश, कापावा लागलेला पाय, अशा कुठल्याही कारणाने ‘आता यांनी गाडी चालवावी का?’ हा प्रश्न आला की तो माणूस आमच्याकडे येतो. मुंबई-पुण्यात ओटी शिकणाऱ्या मुलामुलींचे मेसेज येतात, ‘ताई, यात यायचं कसं?’ दर वेळी तुकड्यातुकड्यांनी सांगते, म्हणून एकदा सलग लिहिते.

वाट सरळ आहे, फक्त लांब आहे. मी शिकले तेव्हा आपली पदवी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची होती. इथे येताना ऑक्युपेशनल थेरपी कौन्सिल तिची छाननी करतं, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, मग इथल्या ओटी बोर्डाकडे नोंदणी. आपल्या कॉलेजच्या अभ्यासक्रमाला डब्ल्यूएफओटीची (ओटींच्या जागतिक महासंघाची) मान्यता आहे ना, हे आत्ताच बघून ठेवा. नोंदणी झाली म्हणून ड्रायव्हिंगचं काम करता येत नाही, त्यासाठी वेगळं पदव्युत्तर प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते घ्यायच्या आधी निदान दोन वर्षं न्यूरो रिहॅबमध्ये, म्हणजे मेंदू-मणक्याच्या पेशंटच्या पुनर्वसनात काढा, असं माझं ठाम मत आहे. पक्षाघात झालेला माणूस शर्टाची बटणं लावताना कुठे अडतो हे ज्याने शंभर वेळा पाहिलेलं नाही, त्याला तोच माणूस चौकात कुठे अडेल हे दिसत नाही. १९५० साली कमलाबाई निंबकरांनी मुंबईत केईएममध्ये ओटीची शाळा सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे हेच शिकवत आले आहेत: माणसाच्या रोजच्या कामातूनच त्याला पुन्हा उभं करायचं. गाडी चालवणं हे त्या रोजच्या कामांपैकीच एक. चूक झाली तर त्याची किंमत रस्त्यावरचा दुसरा माणूसही मोजतो, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्याला तपासण्याआधी मला माझं स्वतःचं ड्रायव्हिंग सोडून नव्याने शिकावं लागलं. भारतीय लायसन्सवाल्याला व्हिक्टोरियात (मेलबर्न याच राज्यात आहे) नियमांची परीक्षा, धोका ओळखण्याची परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा, तिन्ही द्याव्या लागतात. गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे सोपं जाईल असं वाटतं. पण आपल्याकडे समोरच्याने हेडलाइट मारला की त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’, इथे बहुतेक वेळा ‘तुम्ही जा’. लेन बदलताना खांद्यावरून मागे बघायचं हे माझ्या अंगात मुळीच नव्हतं. शिवाय मेलबर्नच्या मध्यवस्तीत काही चौकांत उजवीकडे वळायला आधी डाव्या कडेला जाऊन चौकात थांबावं लागतं, ट्रामचा रस्ता मोकळा राहावा म्हणून. त्याला इथे हुक टर्न म्हणतात. हे सगळं हाडीमाशी मुरेपर्यंत थांबा. नाहीतर पेशंटची चूक आणि आपली जुनी सवय यांतला फरक आपल्यालाच कळत नाही.

असेसमेंटचा पहिला भाग खोलीत होतो. आजाराचा इतिहास, औषधं, दृष्टी, मानेची हालचाल, हातापायांची ताकद, पायाला पेडल जाणवतं का, लक्ष, स्मरणशक्ती, रस्त्याचे नियम. ‘असेसिंग फिटनेस टू ड्राइव्ह’ हा राष्ट्रीय निकषांचा ग्रंथ इथे सगळ्यांसाठी प्रमाण आहे. खासगी लायसन्सला दोन्ही डोळ्यांनी मिळून किमान ६/१२ दृष्टी लागते आणि नजरेचा आडवा पल्ला किमान ११० अंश. पक्षाघातानंतर किमान ४ आठवडे गाडी चालवायची नाही. ट्रक, टॅक्सी, बस चालवणाऱ्यांचे निकष याहून कडक आहेत, म्हणून माणूस पोटापाण्यासाठी काय चालवतो हे पहिल्या पाच मिनिटांत विचारा. आकडे पाठ करा, पण आकड्यांवर विसंबू नका. कागदावरचे ठिपके क्रमाने जोडायची चाचणी झरझर सोडवणारा माणूस राउंडअबाउटवर गांगरलेला मी पाहिला आहे, आणि ती चाचणी रखडत करणाऱ्या एका निवृत्त ट्रकचालकाने रस्त्यावर तासभर एकही बोट ठेवायला जागा दिली नाही.

खरं शिक्षण रस्त्यावर होतं. एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या कामाचा गाभा त्यात आहे.

समजा गाडी पुन्हापुन्हा डावीकडे सरकते आहे. कडेला उभ्या असलेल्या गाड्यांच्या आरशांना घासेल इतकी. नवशिका थेरपिस्ट लिहितो, ‘लेनमध्ये राहता येत नाही.’ लायसन्स देणाऱ्या खात्याला, डॉक्टरला किंवा पेशंटला त्या वाक्याचा काहीच उपयोग नाही. गाडी का सरकते? मागच्या सीटवरून त्याचं डोकं बघा, आरशात डोळे बघा, हात बघा. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात झालेल्या माणसाचं डावीकडे लक्षच जात नसेल, तर डोळे धड असूनही डावी बाजू त्याच्यापुरती नसतेच. त्याला सांगितलं तरी तो ‘मी तर मधोमध चालवतोय’ असं अगदी प्रामाणिकपणे म्हणतो. दुसऱ्या माणसाची नजरेची डावी बाजू खरोखरच गेलेली असते, पण त्याला ते ठाऊक असतं आणि तो मान वळवून वळवून ती उणीव भरून काढायला बघतो. त्याचा पहिला प्रश्न ११० अंशांचा. तिसऱ्याचं लक्ष आणि नजर दोन्ही शाबूत असतात, फक्त डावा हात निकामी असतो. एका हाताने चाक पुरेसं फिरत नाही. त्याला स्टिअरिंगवर एक गोल मूठ बसवून दिली, चार धडे दिले की गाडी सुतासारखी सरळ जाते. आणि चौथ्याला काहीच झालेलं नसतं, तो गेली तीस वर्षं असाच चालवत आला आहे. चूक चौघांची एकच, पण पहिल्याला आज तरी ‘नाही’, दुसऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, तिसऱ्याला मूठ, चौथ्याला इन्स्ट्रक्टरबरोबर दोन तास. ‘काय चुकलं’ हे इन्स्ट्रक्टरलाही दिसतं. ‘का चुकलं’ हे सांगण्यासाठी तुम्ही त्या गाडीत बसलेले असता.

आणि गप्प बसायला शिका. सुरुवातीच्या काळात एका मराठी काकूंचं असेसमेंट होतं. एका चौकात त्यांना बाजूचा रस्ता दिसला नाही असं वाटून मी नकळत पुढे झुकले. त्यांनी आरशात मला पाहिलं आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली, सगळं ठीक झालं, पण त्या चौकात त्यांना स्वतःहून दिसलं असतं की नाही हे मला कधीच कळणार नव्हतं. मी तो चौक अहवालातून वगळला, तसं का केलं तेही लिहिलं आणि त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. जीव वाचवायला इन्स्ट्रक्टरचा ब्रेक आहे, आपण बघायचं काम करायचं.

आता गाडीतले बदल. मुलांना हा भाग सगळ्यात आकर्षक वाटतो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण कॅटलॉग बघून उपकरण निवडलं जातं.

उजवा पाय गेलेल्या माणसाला डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवता येतो. ब्रेकच्या डावीकडे नवं पेडल, आणि मूळचं पेडल दुमडलेलं किंवा झाकलेलं. गाडी ऑटोमॅटिक. ऐकायला सोपं आहे. पण आयुष्यभर गिअरची गाडी चालवलेल्या माणसाच्या डाव्या पायाला एकच भाषा येते: क्लच, म्हणजे तळापर्यंत दाब. आपल्याकडून आलेल्या बहुतेकांचं हेच. तोच पाय ॲक्सिलरेटरवर पडला की गाडी उसळते. घाईच्या क्षणी ब्रेक शोधताना पाय जुन्याच जागी जातो. म्हणून मोकळ्या मैदानात, मग गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर असे धडे होऊन, इन्स्ट्रक्टर अचानक ‘थांबा’ म्हणाला तरी पाय बरोबर ब्रेकवरच पडतो असं दिसेपर्यंत मी ते उपकरण लिहून देत नाही. काहींना शेवटपर्यंत जमत नाही. त्यांच्यासाठी हाताने चालणारी यंत्रणा बरी पडते.

हॅन्ड कंट्रोलचा दांडा पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला किंवा जवळ ओढला की ॲक्सिलरेटर, असे प्रकार असतात. एक हात सतत दांड्यावर, दुसरा स्टिअरिंगच्या मुठीवर. मग इंडिकेटर कोण देणार, हॉर्न कोण वाजवणार, वायपर कोण लावणार? ती बटणं मुठीपाशी आणावी लागतात. मणक्याला वर, छातीच्या पातळीवर इजा असेल तर वळणावर धड एका बाजूला कलतं आणि तोल सावरायला हात स्टिअरिंगलाच लटकतो, म्हणून आधी सीटचा आधार बघायचा. पायात झटके येत असतील तर पेडलवर पत्र्याचं आवरण हवं, नाहीतर एका झटक्यात पाय ॲक्सिलरेटरवर जाईल. आणि गरम होणारी सीट असली तर ती बंद करायला सांगा. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला सीटने भाजतं आणि ते त्याला कळतच नाही. हे मला एका पेशंटच्या बायकोने सांगितलं, तेव्हापासून माझ्या यादीत ते कायमचं आहे.

गाडी चालवण्याइतकाच वेळ गाडीत बसण्याकडे द्या. व्हीलचेअरवरून सीटवर सरकायचं, चाकं काढायची, फ्रेम उचलून अंगावरून पलीकडच्या सीटवर ठेवायची. दिवसातून चारदा हे करणाऱ्याच्या खांद्यांचं दहा वर्षांनी काय होईल, हाही आपलाच प्रश्न. व्हीलचेअर वर उचलून घेणारं यंत्र, हॉइस्ट, महाग पडतं. पैसे एनडीआयएसकडून (अपंगांसाठीच्या इथल्या सरकारी योजनेकडून) यायचे असोत की अपघात विम्याच्या संस्थेकडून, त्यांना ‘सोयीचं होईल’ हे कारण पुरत नाही. कुठलं उपकरण वापरून पाहिलं, कुठलं जमलं नाही, का जमलं नाही, हे लिहावं लागतं. अहवाल लिहिण्यात आठवड्याचा मोठा भाग जातो. लिहायचा कंटाळा असेल तर या वाटेला येऊ नका.

महाराष्ट्रात राहूनच हे करता येईल का, असं बरेच जण विचारतात. असं औपचारिक काम आपल्याकडे अजून रुजलेलं नाही, पण गरज डोळ्यांसमोर आहे. साताऱ्यात, सोलापुरात मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून दुकानाला जाणारी माणसं आपण रोज बघतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ (पंगू माणसाची गाडी) हा शब्द काढून ‘अडॅप्टेड व्हेइकल’ (गरजेप्रमाणे बदललेली गाडी) आणला, हे चांगलं झालं. पण ती चाकं बसवणाऱ्या मिस्त्रीबरोबर आज एकही ओटी उभी नसते. कुणाला बसायला किती उंची हवी, पोलिओ झालेला पाय कुठे टेकवायचा, कुबड्या कुठे अडकवायच्या, हे आपल्याला कळतं. इंटर्नशिपमध्ये असा एक मिस्त्री गाठा आणि एक शनिवार त्याच्या गॅरेजमध्ये काढा.

शेवटी ‘नाही’ म्हणण्याबद्दल. शिफारस आपली, निर्णय लायसन्स खात्याचा. पण समोर बसून सांगायचं आपल्यालाच असतं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या एका काकांना त्यांचा मुलगा घेऊन आला होता. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘तुम्ही आपल्यातल्याच आहात, जरा समजून घ्या.’ मी त्याला सांगितलं की समजून घेईन, पण अहवालात रस्त्यावर दिसेल तेच लिहीन. घर ते मंदिर, मंदिर ते भाजीबाजार, काकांची गाडी सुरेख चालली. मग रस्त्याचं काम निघालं म्हणून पाटीने वळसा दाखवला. काकांनी पाटी मोठ्याने वाचली आणि सरळ पुढे गेले. इन्स्ट्रक्टरने ब्रेक दाबला. पुढच्या अर्ध्या तासात नेहमीची वाट सुटली की दर वेळी तेच झालं.

मी त्यांना मराठीत सांगितलं, मुलाला नव्हे, त्यांना. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मंदिरात कसा जाऊ?’ या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय आपलं काम संपलेलं नसतं, म्हणून आमची पुढची भेट मी ट्राम स्टॉपवर ठेवली. मायकी कार्ड, म्हणजे इथलं ट्रामच्या तिकिटाचं कार्ड, यंत्राला कसं लावायचं ते त्यांनी तीनदा करून पाहिलं. कुठल्या दुकानानंतर उतरायचं ते एका चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात ठेवलं. ट्राममध्ये त्यांनी खिडकीजवळची जागा घेतली. वाटेत जिथे जिथे सिग्नल लाल झाला, तिथे त्यांचा उजवा पाय जमिनीवर हलकेच दाबला जात होता.