लष्करी गुप्तवार्ता सेवेनंतरची कारकीर्द कशी आखावी
मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे निवृत्त फौजी बेळगावला नवा नाही. गुप्तवार्ता विभागातून आलेल्या अधिकाऱ्याची अडचण मात्र वेगळी असते, कारण 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाचे बंधन निवृत्तीनंतरही सुटत नाही. म्हणून अर्जात मोहीम, ठिकाण वा खबऱ्याचा उल्लेख न करता कौशल्य लिहावे: ‘परस्परविरोधी बातम्या पडताळून वरिष्ठांसाठी रोज एक पानी अहवाल तयार केला.’

सरकारी नोकरीसाठी माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयात नाव नोंदवावे. निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी कंपनीत जायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराला गुप्तहेर नको असतो (ती ऐट मुलाखतीत महागात पडते). त्याला नव्या पुरवठादाराची पत, मालकी आणि जुने खटले तपासून देणारा माणूस हवा असतो, आणि त्यासाठी कानडी कागदपत्रे वाचता आलीच पाहिजेत.

अध्यापनाकडे फारसे कोणी वळत नाही, पण माझ्या मते तीच वाट सर्वांत योग्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’साठी (प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर नेमल्या जाणाऱ्या प्राध्यापकासाठी) किमान 15 वर्षांचा अनुभव लागतो, औपचारिक शैक्षणिक पात्रता अनिवार्य नसते. राणी चन्नम्मा विद्यापीठात विचारणा करायला जाताना केवळ जाहीर साधनांवर आधारलेल्या अभ्यासक्रमाचा मसुदा सोबत न्यावा.