कासवाच्या कवचावर डाग, भेगा, मऊपणा? उपचार करताना या चुका टाळा

पाळलेल्या कासवाच्या पाठीवर पांढरा डाग दिसला की पुष्कळ घरांत आधी तेलाची बाटली बाहेर येते. कुणी खोबरेल चोळतं, कुणी हळद लावतं, कुणी व्हॅसलिन. दुखणं वर दिसतंय तर औषधही वरूनच लावायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण कवच हे जिवंत हाड आहे. पन्नास-साठ हाडं जुळून ते बनतं, कासवाच्या बरगड्या आणि पाठीचा कणा त्यातच एकजीव झालेले असतात, आणि वर केराटिनच्या पातळ पट्ट्या असतात. केराटिन म्हणजे आपली नखं ज्याची बनतात तेच. कवचात रक्त खेळतं, मज्जातंतू असतात, हलक्या हाताचा स्पर्शही कासवाला कळतो. त्यामुळे कवचाचं दुखणं बहुतेक वेळा पाण्यात, उजेडात नाहीतर खाण्यात सुरू झालेलं असतं. तिथे दुरुस्ती झाली नाही तर वर काहीही लावा, उपयोग नाही.

आपल्याकडे घरोघरी दिसतं ते डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, पाण्यात राहणारं. इथे मुख्यतः त्याच्याबद्दलच लिहिलं आहे. जमिनीवरच्या कासवांचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

नेहमीच्या बदलाला आजार समजणं

स्लायडर वाढतं तसं कवचावरच्या जुन्या पट्ट्या सुटतात. सुटलेली पट्टी पातळ, जवळजवळ पारदर्शक असते आणि तिच्याखाली स्वच्छ, टणक, ताज्या रंगाचं कवच दिसतं. हे निरोगी वाढीचं लक्षण आहे. अर्धवट सुटलेली पट्टी नखाने किंवा चिमट्याने ओढू नका. आपोआप पडण्याआधी ओढली तर खालचा कोवळा थर उघडा पडतो आणि जंतूंना वाट मिळते. जमिनीवरच्या कासवांच्या पट्ट्या मात्र अशा गळत नाहीत. त्यांची पट्टी सुटत असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.

बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत आणखी एक घोटाळा होतो. कासव बाहेर येऊन सुकलं की पाठीवर पांढरी पूड दिसते आणि घरचे बुरशीच्या औषधाच्या शोधात निघतात. त्याआधी तो भाग पाण्याने ओला करून पाहा. ओला झाल्यावर पांढरेपणा दिसेनासा झाला, कवच टणक आहे आणि वास नाही, तर बहुधा तो क्षाराचा थर आहे. हिरवं शेवाळ असेल तर मऊ टूथब्रश आणि साधं पाणी पुरेसं आहे. साबण नको, तारेची घासणी तर अजिबात नको. आणि हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, मुलांचेही.

सडणाऱ्या कवचाकडे "डाग आहे, जाईल" म्हणून बघणं

वेळ घालवली तर सर्वांत महागात पडते ती इथे. सुरुवातीला पांढरट-करडा किंवा पिवळसर ठिपका असतो. मग तिथे खळगा पडतो, पट्टीची कड उचलली जाते, खाली ओलसर चिकट पदार्थ दिसतो आणि नाक जवळ नेलं तर कुजका वास येतो. कवच सडण्याची सुरुवात बऱ्याचदा पोटाकडून होते, कारण तो भाग ओल्या, घाण तळावर टेकलेला असतो आणि आपण तो कधी बघत नाही. आठवड्यातून एकदा कासव दोन्ही हातांनी धरून अलगद उलटं करून पाहायची सवय ठेवा. पोटाच्या कवचावर लालसर-गुलाबी झाक पसरलेली दिसली, कासव सुस्त झालं, खाणं सोडलं, तर संसर्ग रक्तात गेल्याची शक्यता असते. मग "उद्या बघू" म्हणू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

याचं मूळ बहुतेक वेळा राहण्याच्या जागेत सापडतं. दुकानातून मिळणारा, मध्ये प्लास्टिकचं नारळाचं झाड असलेला तो छोटा डबा कासवासाठी पुरेसा नाही. त्यात विष्ठा आणि उरलेलं खाणं काही तासांत पाण्यात मिसळतं, आणि पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा कासवाला मिळत नाही. पोहता येईल एवढं पाणी, चांगला फिल्टर, दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं, आणि कासव पूर्ण बाहेर येऊन सुकू शकेल असा ओटा, एवढं हवंच. त्या ओट्यावर 32 ते 35 अंश सेल्सियस आणि पाण्यात 24 ते 27 अंशांच्या आसपास तापमान ठेवा. अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर लावा.

किरकोळ, वरवरचा डाग असेल आणि डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची मिळाली असेल, तर तोवर एवढं करता येतं. जागा स्वच्छ पाण्याने धुऊन पुसा. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसाने लावा, काही मिनिटांनी धुऊन टाका. मग कासवाला उबदार, कोरड्या जागी ठेवा आणि दिवसातून एक-दोनदा पाण्यात सोडा. हे पाण्यात सोडणं विसरू नका, कारण स्लायडरला पाण्याबाहेर नीट गिळता येत नाही. लहान पिल्लं कोरडी ठेवली तर त्यांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं, त्यांच्या बाबतीत हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. खपली खरवडायची नाही. सडलेला भाग किती काढायचा हे डॉक्टरांनी ठरवायचं, कारण खाली लगेच हाड असतं.

तेलाचं म्हणाल तर ते कवचावर थर धरतं. त्या थराखाली ओल आणि जंतू दोन्ही अडकतात. कवच चकचकीत दिसतं, आत मात्र सडणं चालूच राहतं.

काचेतून येणाऱ्या उन्हावर भरवसा ठेवणं

कवच मऊ पडणं हा आपल्याकडे फार दिसणारा प्रकार आहे. "घरात भरपूर उजेड आहे की" हे वाक्य त्यासोबत ठरलेलं. कासवाच्या त्वचेत डी3 जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात, आणि डी3 नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. खिडकीपाशी ठेवलेल्या टाकीत कासवाला ऊब मिळते, उजेड मिळतो, पण ज्याची गरज आहे ते मिळत नाही. मग शरीर कवचातलंच कॅल्शियम वापरायला लागतं.

अगदी लहान पिल्लाचं कवच पहिले काही महिने थोडं लवचीक असतंच. पण वाढलेल्या कासवाचं कवच बोटाने दबत असेल, कडा वर वळल्या असतील, जबडा मऊ लागत असेल किंवा मागचे पाय ओढत चालत असेल, तर हाडांचा आजार बराच पुढे गेला आहे. इथे डॉक्टर एक्स-रे आणि रक्ताची तपासणी करून कॅल्शियम कसं द्यायचं ते ठरवतात. आपल्या गोळ्यांचा अर्धा तुकडा मनाने चारू नका.

गॅलरीत सकाळचं थेट ऊन मिळत असेल तर उत्तम. टबमध्ये अर्ध्या भागात सावली ठेवा, आणि काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका. तिच्यातलं पाणी थोड्या वेळात तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते. तिथून हलूही नका. घारी आणि कावळे लहान कासव सहज उचलतात. मुंबई-कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत उन्हाचा भरवसाच नसतो, म्हणून यूव्हीबीचा दिवा लागतोच. तो किती अंतरावर लावायचा हे त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. दिवा आणि कासव यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक नको. हा दिवा पेटत राहिला तरी त्यातले यूव्हीबी किरण हळूहळू कमी होतात. साधारण सहा ते बारा महिन्यांनी तो बदलावा लागतो.

खाण्यातही हीच कमतरता असते. पाकिटातली सुकी कोळंबी कासवं आवडीने खातात, पण तिच्यावर हाडं पोसत नाहीत. भात, ब्रेड आणि पोळीचे तुकडे बंद करा. नुसतं बोनलेस चिकन दिल्याने फॉस्फरस वाढतो आणि कॅल्शियम आणखी कमी पडतं. चांगल्या दर्जाचं कासवाचं खाद्य, काट्यासकट छोटे मासे, आणि मोठ्या स्लायडरला रोज पालेभाजी द्या. पालक मात्र क्वचितच, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. जास्वंदीची किंवा तुतीची पानं द्या, फवारणी नसलेली. टाकीत समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या कॅल्शियमयुक्त हाडाचा, तुकडा टाकून ठेवा. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात तो मिळतो.

जमिनीवरच्या कासवांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात, त्याचा दोष बरेच जण फक्त प्रथिनांना देतात. 2003 साली आफ्रिकन स्पर्ड कासवांच्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांना जास्त उंचवटे आले, प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. आलेले उंचवटे सपाट होत नाहीत. दमटपणा सुधारला तर नवी वाढ नीट होते.

तडा गेला की चिकटवून टाकणं

गॅलरीतून पडणं, कुत्र्याचा चावा, पायाखाली येणं, अशा कारणांनी कवच फुटतं. फेव्हिक्विक किंवा एम-सीलने भेग बंद केली तर माती, लाळ आणि जंतू आतच राहतात. पाठीच्या कवचाखाली लगेच फुप्फुसं असतात, हे लक्षात घेतलं तर धोका कळेल. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजने हलकं दाबून धरा, जखम सलाईनने धुवा, वर कोरडा गॉज ठेवा आणि स्वच्छ टॉवेल घातलेल्या खोक्यात ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोवर पाण्यात सोडू नका. माश्यांपासून झाकून ठेवा, उघड्या जखमेत त्या अंडी घालतात. कुत्र्याचा चावा वरून छोटा दिसला तरी थांबायचं नाही. हाड जुळायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.

औषधाबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांसाठी वापरतात ते आयव्हरमेक्टिन कासवांना जीवघेणं ठरतं. घरात उरलेलं कुठलंही औषध, अँटिबायोटिकसुद्धा, मनाने देऊ नका. डॉक्टरांकडे जाण्याआधी फोन करून "तुम्ही कासवं बघता का" हे विचारा, कारण सगळेच बघत नाहीत. जवळपास कुणी नसेल तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. जाताना टाकीचे, दिव्याचे आणि खाद्याच्या पाकिटाचे फोटो सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरूनच निम्मं कारण समजतं.

कवचावर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असेल, तर ते स्टार कासव असू शकतं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली ते पहिल्या अनुसूचीत आहे आणि घरात पाळता येत नाही. आजारी असलं तरी लपवू नका, वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. आणि उपचाराचा खर्च झेपत नाही म्हणून स्लायडर जवळच्या तळ्यात सोडू नका. ते इथलं नाही, आपल्या गोड्या पाण्यातल्या कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा ते बळकावतं, आणि सडलेलं कवच घेऊन तळ्यात ते स्वतःही हाल होऊन मरतं. सांभाळणं खरंच अशक्य झालं असेल तर प्राणी वाचवणाऱ्या एखाद्या संस्थेशी बोला, आणि सोपवताना आतापर्यंत काय उपचार केले ते कागदावर लिहून द्या.