बर्फाळ रानात अचानक रात्र काढायची वेळ आली तर

वाट चुकली, पाय मुरगळला किंवा नुसता अंदाज फसला, आणि दिवस मावळायला दीड-दोन तासच उरलेत, तर चालणं थांबवा. हा निर्णय फार जड जातो. पुढच्या टेकाडापलीकडे वाट सापडेल असं वाटत राहतं. पण आडोसा करायला उजेड हवा, आणि धावपळीत आलेला घाम रात्री जिवावर उठतो.

आधी जागा बघा. वारा अडला पाहिजे. दरीचा तळ टाळा, थंड हवा तिथेच साचते. हिमकडा कोसळू शकेल असा उभा उतारही नको.

मग खणा. इग्लूच्या नादी लागू नका, त्याला सराव लागतो. एक माणूस आडवा मावेल एवढा चर पुरे. वर फांद्या, त्यावर प्लास्टिक किंवा पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट), आणि त्यावर बर्फाचा थर. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते, म्हणून बाहेर उणे २० असलं तरी आत पारा शून्याच्या आसपास राहू शकतो. चर जेवढा लहान, तेवढी अंगाची ऊब टिकते. खणताना जाकीट काढून ठेवा आणि दमाने खणा. हवेसाठी मुठीएवढं भोक ठेवा, रात्री ते बुजत नाही ना हे तपासत राहा. आत स्टोव्ह पेटवू नका; त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

लोक अंगावर काय घ्यायचं याची काळजी करतात, पण ऊब खालूनही झपाट्याने जाते. सूचिपर्णी फांद्यांचा वीतभर जाड थर, रिकामी सॅक, दोर, जे असेल ते खाली घाला. ओले मोजे बदला, बुटांच्या नाड्या सैल करा, हात काखेत धरा.

तहान लागली म्हणून बर्फ चघळू नका. लिटरभर पाण्याइतका बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला शरीराची सुमारे ११७ किलोकॅलरी ऊर्जा जाते. बाटलीत थोडं पाणी असतानाच त्यात बर्फ घाला आणि ती जाकिटाच्या आत ठेवा. दारू तर नकोच, ती ऊब कातडीकडे खेचून बाहेर घालवते.

हुडहुडी भरणं चांगलं. पण कुणाची ती थांबून बोलणं अडखळू लागलं, तर सोबत्याने त्या माणसाला कोरडं करून कुशीत घ्यावं. बधिर बोटं चोळू नका.

उजाडल्यावर शिट्टी वाजवा: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या ऐकू आल्या, तरी जागा सोडू नका.