गिटारचा अँप गायकाचा आवाज झाकत होता, त्यावर लागू पडलेला उपाय

पहिल्या रांगांना गिटार कर्कश ऐकू येई, गायकाच्या माइकमध्येही तीच शिरे आणि अँपजवळ (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीजवळ) उभ्या असलेल्या वादकाला मात्र स्वतःचे वादन पुरेसे ऐकू येत नसे. ट्रेबल (आवाजातला तीक्ष्ण, उंच भाग) कापून किंवा अँपवर कापड टाकून भागले नाही. कार्यक्रमाआधी आवाज तपासण्याच्या प्रत्येक साउंडचेकला तोच वाद वैताग आणी. १२ इंची स्पीकरमधला तीक्ष्ण आवाज अरुंद झोतात सरळ पुढे जातो, त्यामुळे जमिनीवरचा अँप वादकाच्या पोटऱ्यांना ऐकवतो, कानांना नव्हे.

म्हणून प्रथम अँप मंचाच्या कडेला तिरक्या स्टँडवर ठेवून त्याचे तोंड प्रेक्षकांऐवजी मंचावर आडवे, वादकाच्या कानाकडे वळवले आणि गायकाचा माइक त्या रेषेबाहेर घेतला. मग ड्रम वाजत असताना आवाज शून्यापासून वाढवत, वादकाला जेमतेम पुरेल तिथे थांबवला. टोन त्यानंतरच, झोताच्या रेषेत उभे राहून, जुळवला. शेवटी स्पीकरच्या जाळीजवळ माइक लावून प्रेक्षकांना कमी पडणारी गिटार पीएमधून (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरमधून) दिली.