ओला टार्प गुंडाळून आणलात? त्याच दिवशी एवढं करा

कॅम्पिंगला पावसात टार्प (डोक्यावर छतासारखं ताणायचं, पाणी अडवणारं कापड) ओलाच गुंडाळावा लागतो आणि पुढच्या वेळी पिशवी उघडली की कुबट वास, बुरशीचे काळे ठिपके. हे ठिपके धुऊनही पुरते जात नाहीत, म्हणून पडूच द्यायचे नाहीत.

१. निघताना दोघांनी टोकं धरून टार्प जोरात झटका आणि वेगळ्या पिशवीत भरा.

२. घरी पोचल्यावर लगेच सावलीत, वाऱ्यावर पसरा. चिखल साध्या पाण्याच्या ओल्या स्पंजने पुसा.

३. मधलं कापड लवकर वाळतं, खरी ओल कोपऱ्यांत राहते. तिथे दुहेरी-तिहेरी कापड शिवलेलं असतं ना! कोपरा चिमटीत दाबून बघा. बोटांना गार लागला तर अजून ओला आहे, थांबा. दोऱ्या सोडून वेगळ्या वाळवा. नेमक्या त्याच विसरल्या जातात आणि पिशवीतली ओल तिथूनच येते.

४. घडी नको, पिशवीत सैलसर कोंबा. दरवेळी त्याच रेषेवर घडी पडली की तिथला पाणी अडवणारा थर तडकतो.

वॉशिंग मशीन, ब्लीच आणि इस्त्री मात्र कटाक्षाने टाळा. त्यांनी हाच थर सुटतो आणि चांगला टार्प गळायला लागतो.